वालुकाश्मात तेल किती मावेल आणि किती वाहील : नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

दोन प्लग टेबलावर ठेवले आहेत. कोअरमधून, म्हणजे विहिरीतून काढलेल्या खडकाच्या दंडगोलातून, कापलेले, दीड इंच व्यासाचे, करड्या रंगाचे. प्रयोगशाळेच्या तक्त्यात दोघांची सच्छिद्रता, म्हणजे खडकातल्या मोकळ्या जागेचं प्रमाण, 22 टक्के आहे. पार्यतेच्या, म्हणजे खडक द्रव किती सहज वाहू देतो त्याच्या, रकान्यात मात्र पहिल्यासमोर 1,200 मिलिडार्सी लिहिलंय आणि दुसऱ्यासमोर 3. तेल दोघांत जवळपास सारखंच मावेल, पण पहिला ते आपणहून विहिरीकडे पाठवेल आणि दुसरा धरून बसेल. नव्याने कामाला लागलेली मुलं सच्छिद्रता पाहून दोघांसमोर ‘उत्तम’ लिहून मोकळी होतात. हा फरक कुठून आला, तो कसा शोधायचा आणि कोणत्या क्रमाने शोधायचा, एवढ्यासाठीच हा लेख आहे.

महाराष्ट्रात भूशास्त्र शिकलेल्यांची यात एक जास्तीची अडचण असते. बहुतेक शैक्षणिक सहली बेसाल्टवर जातात. तेल म्हटलं की मुंबई हाय आठवतं, पण 1974 साली सापडलेल्या त्या क्षेत्राचा मुख्य साठा मायोसीन काळातल्या चुनखडीत आहे, वालुकाश्मात नाही. चुनखडीतली छिद्रं बऱ्याच अंशी विरघळण्यातून तयार होतात आणि तिचे नियमही वेगळे आहेत. ते इथे लावायला जाऊ नका. वालुकाश्माचा आपल्या देशातला चांगला धडा हवा असेल तर राजस्थानात बाडमेरला जावं लागतं, आणि शेवटी आपण तिथेच पोचणार आहोत.

पायरी 1 : खडक हातात घेण्याआधी तीन गोष्टी लिहून काढा

खोली, तिथलं तापमान, आणि ही वाळू कशाने आणून टाकली : नदीने, लाटांनी, वाऱ्याने की खोल समुद्रातल्या गढूळ प्रवाहाने.

तापमान का? कारण क्वार्ट्झचं सिमेंट (कणांना जोडणारं, वाळू साचल्यावर मागाहून जमलेलं खनिज) साधारण 70-80 अंश सेल्सिअसच्या पुढे जमू लागतं आणि 100 अंशांच्या आसपास जोर धरतं. दर किलोमीटरला 30 अंश अशी सर्वसाधारण वाढ धरली तर दोन-अडीच किलोमीटरवर धोक्याची रेषा येते. त्याच्या वर असलेल्या वाळूची जागा मुख्यतः दाबाने गेलेली असते, तर खाली दाब आणि सिमेंट दोघंही कामाला लागलेले असतात.

इथे एक खाचखळगा आहे. आजची खोली म्हणजे त्या खडकाने पाहिलेली सर्वांत जास्त खोली नव्हे. जमीन वर उचलली गेली आणि वरचे थर झिजून गेले, तर आज एक किलोमीटरवर बसलेला खडक कधीकाळी तीन किलोमीटरवर जाऊन आलेला असू शकतो. चेपलेला खडक वर आल्यावर पुन्हा फुगत नाही. म्हणून खोऱ्याचा इतिहास विचारून घ्या. तो माहीत नसताना ‘एवढ्या कमी खोलीवर इतकी कमी सच्छिद्रता कशी’ म्हणून डोकं खाजवण्यात अर्थ नाही.

पायरी 2 : दहापट भिंग, आम्ल आणि पाण्याचा थेंब

खडक ताजा फोडा आणि भिंगाखाली आधी कणांचा आकार पाहा, मग ते एकसारखे आहेत की लहानमोठे मिसळलेले आहेत ते पाहा. या दोन गोष्टी सुरुवातीला सारख्याच वाटतात, पण त्यांचे परिणाम वेगळे आहेत.

सच्छिद्रता कणाच्या आकारावर जवळजवळ अवलंबून नसते. एकसारख्या आकाराच्या कणांची ओली वाळू बारीक असो की जाडी, तिच्यात सुमारे 42 टक्के मोकळी जागा राहते. तीच वाळू लहानमोठ्या कणांची खिचडी असेल तर ही जागा 28 टक्क्यांपर्यंत उतरते. बोरांनी भरलेल्या बरणीत मोहरी ओतली तर ती बोरांमधल्या पोकळीत जाऊन बसते, तसंच बारीक कण मोठ्यांच्या मधे शिरून जागा खातात.

पार्यतेचं गणित निराळं आहे. बाकी सगळं तसंच ठेवून कणांचा व्यास दुप्पट केला तर पार्यता साधारण चौपट होते, कारण छिद्रांना जोडणाऱ्या अरुंद वाटांची रुंदी कणांबरोबर वाढते. म्हणून बारीक, एकसारख्या वाळूत जागा भरपूर असूनही वाहणं मध्यम राहतं.

आता दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाका. जोरात फसफसलं तर कॅल्साइटचं सिमेंट आहे. फसफस खडकभर आहे की ठिपक्याठिपक्यांनी, हेही नोंदवा. ठिपक्यांनी असेल तर सिमेंट गाठींच्या स्वरूपात आहे आणि दोन गाठींमधला खडक अजून शाबूत असू शकतो. सलग थर असेल तर तेलाच्या वरखाली जाण्यात तो अडसर ठरतो. एका विहिरीत दिसलेला कॅल्साइटचा पट्टा म्हणजे गाठ की थर हे त्या एका विहिरीवरून ठरवता येत नाही. तसा आव कुणी आणला तर विश्वास ठेवू नका.

मग कोरड्या, ताज्या फुटीवर साध्या पाण्याचा थेंब सोडा आणि घड्याळ पाहा. सरावासाठी परदेशातला कोअर लागत नाही. नागपूर-चंद्रपूर भागातला कामठीचा भरड वालुकाश्म आणि कोल्हापूर-बेळगावकडचा कलादगी समूहातला क्वार्ट्झाइटी वालुकाश्म असे दोन तुकडे मिळवा. कामठीवर थेंब बघताबघता आत जातो. विदर्भातल्या विहिरींना हा खडक पाणी का देतो ते तिथेच कळतं. कलादगीवर थेंब मण्यासारखा बसून राहतो. गंमत म्हणजे खनिजांच्या शुद्धतेत कलादगीच वरचढ आहे, बराचसा निव्वळ क्वार्ट्झ. पण त्या क्वार्ट्झच्याच सिमेंटने कण एकमेकांत इतके बसवून टाकले आहेत की मधे काही उरलेलं नाही. ‘शुद्ध क्वार्ट्झ म्हणजे चांगला साठा’ हे पाठांतर करून आला असाल तर तो तुकडा टेबलावर समोर ठेवा.

पायरी 3 : स्लाइडवर मोजणी करा, नजरेचा अंदाज नको

खडकात निळा रंग मिसळलेलं इपॉक्सी भरून 0.03 मिलिमीटर जाडीचा काप करून घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली जिथे निळं दिसेल तिथे छिद्र. फेल्डस्पार ओळखायला सोपं जावं म्हणून सोडियम कोबाल्टिनायट्राइटने स्लाइड रंगवून घ्या, म्हणजे पोटॅशियमचा फेल्डस्पार पिवळा होतो. कॅल्साइटसाठी अ‍ॅलिझरिन रेड वापरतात. ही दोन रंगकामं सांगायला लाजू नका. क्वार्ट्झ आणि ताजा फेल्डस्पार यांत घोटाळा होणं फार सोपं आहे.

मग स्लाइड ठरावीक अंतराने सरकवत 300 बिंदू मोजा. प्रत्येक बिंदूवर काय आहे ते लिहायचं. समजा असं आलं : क्वार्ट्झचे कण 186, फेल्डस्पार 24, खडकांचे तुकडे 15, क्वार्ट्झचं सिमेंट 21, केओलिनाइट (क्ले, म्हणजे चिकणमातीच्या खनिजांपैकी एक) 12, निळं छिद्र 42. म्हणजे सिमेंट 7 टक्के, केओलिनाइट 4 टक्के, छिद्र 14 टक्के.

कणांचा आपसातला हिशेब वेगळा काढायचा. 225 कणांपैकी क्वार्ट्झ 83 टक्के, फेल्डस्पार 11 आणि खडकांचे तुकडे 7 (पूर्णांकांमुळे बेरीज शंभरावर एक जाते, काळजी नको). त्रिकोणी आलेखात हा बिंदू सबआर्कोजमध्ये पडतो. फेल्डस्पार पंचवीस टक्क्यांच्या पुढे आणि तुकड्यांपेक्षा बराच जास्त असता तर आर्कोज, क्वार्ट्झ 95 टक्क्यांच्या पुढे असता तर क्वार्ट्झ अरेनाइट.

नाव देऊन झालं की नवशिक्याला वाटतं काम संपलं. पण नाव लावायचं ते पुढे काय झालं असेल याचा अंदाज बांधायला. क्वार्ट्झ कडक असतो, दाबाला दाद देत नाही, पण तापमान वाढलं की त्याच्याच पृष्ठभागावर नवा क्वार्ट्झ उगवतो. फेल्डस्पार सुरुवातीला कडक, पुढे विरघळतो, आणि विरघळून क्ले बनवतो. खडकांच्या तुकड्यांत शेल (चिखलापासून झालेला खडक), फिलाइट, बदललेला ज्वालामुखी खडक असे मऊ प्रकार असले तर ते दाबाखाली चपटे होऊन शेजारच्या पोकळीत घुसतात. स्लाइडवर ते गाळाच्या भरणासारखे दिसतात आणि कितीतरी जण त्याला मूळचाच चिखल म्हणून नोंदवतात. कडा पाहा : दोन कडक कणांच्या मधे चिमटला गेलेला, त्यांच्या वळणाप्रमाणे वाकलेला ‘चिखल’ म्हणजे बहुधा एकेकाळचा कण. हा फरक पैशांचा आहे. मूळचा चिखल असेल तर त्याच थरात स्वच्छ पाण्याची, जोरदार प्रवाहाची जागा शोधली की चांगला खडक मिळण्याची आशा असते. चेपलेले मऊ कण असतील तर वाळू ज्या डोंगरांतून आली तिथूनच दुखणं घेऊन आलेली आहे, आणि खोल गेलं की ते वाढतच जाणार.

पायरी 4 : जागा कुणी खाल्ली ते ठरवा

वरच्याच मोजणीवर पुढे चला. कणांच्या मधलं एकूण आकारमान म्हणजे छिद्र अधिक सिमेंट अधिक मधल्या जागेत वाढलेली क्ले : 14 + 7 + 4 = 25 टक्के. वाळू साचली तेव्हा ही जागा 40 टक्के होती असं धरा.

दाबाने गेलेली जागा अशी काढतात : 40 वजा (60 × 25 ÷ 75), म्हणजे 40 − 20 = 20 (60 आणि 75 म्हणजे जागा सोडून उरलेला कणांचा वाटा, सुरुवातीचा आणि आताचा). उरलेल्या 20 मधला सिमेंट आणि क्लेचा वाटा : 20 × 11 ÷ 25 = सुमारे 9. थोडक्यात मूळच्या चाळिसातले वीस दाबाने नेले, नऊ सिमेंट आणि क्लेने.

नुसत्या कडक क्वार्ट्झच्या वाळूत दाबाने कणांमधली जागा साधारण 26 टक्क्यांपर्यंत उतरते आणि तिथे अडते, कारण कण एकमेकांवर टेकलेले असतात. आपला 25 म्हणजे जवळपास तेच. हाच आकडा 12 किंवा 15 आला तर समजायचं की मऊ कणांनी घात केलाय किंवा कण संपर्काच्या जागी दाबाखाली विरघळलेत. उलट 35 आला आणि सगळी जागा कॅल्साइटने भरलेली असली तर ते सिमेंट फार लवकर, वाळू चेपली जाण्याआधीच, आलेलं आहे.

फेल्डस्पार विरघळून झालेल्या छिद्रांबद्दल दोन शब्द. निळ्या रंगात फेल्डस्पारचा अर्धवट सांगाडा दिसला की ‘दुय्यम सच्छिद्रता’ लिहिण्याचा मोह होतो. ती खरीच असते, पण विरघळलेलं अ‍ॅल्युमिनियम फार दूर जात नाही. शेजारच्याच छिद्रात केओलिनाइट होऊन बसतं. उत्तर समुद्रातल्या ब्रेंट गटाच्या वालुकाश्मांत हे चित्र वारंवार दिसतं. या खिशातून काढून त्या खिशात घातल्यावर निव्वळ नफा थोडाच उरतो, आणि तोही बरेचदा अशा छिद्रात की ज्याची वाट बाजूच्या छिद्राला नीट जोडलेली नाही.

पायरी 5 : क्ले किती याहून ती कोणती आणि कुठे

सुरुवातीच्या दोन प्लगमधल्या फरकाचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं. साधी स्लाइड पुरत नाही. एक्स-रे डिफ्रॅक्शनने क्लेचा प्रकार कळतो आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिची मांडणी दिसते. दोन्ही लागतात. ‘क्ले 5 टक्के’ या एका ओळीवरून चार वेगवेगळे खडक निघू शकतात.

केओलिनाइट असेल तर षटकोनी पत्र्यांची चळत दिसते, पोथीची पानं रचून ठेवावीत तशी. ती छिद्रांच्या मधोमध बसते. पार्यतेला थोडा फटका देते, पण खरी कटकट उत्पादन सुरू झाल्यावर. प्रवाहाचा वेग वाढवला की पानं सुटतात, वाहत जातात आणि पुढच्या अरुंद वाटेत अडकतात. विहीर हळूहळू मंदावते आणि वर बसलेले लोक पंपाला दोष देतात.

इलाइट असेल, आणि तेही खोल व गरम थरात नंतर वाढलेलं, तर केसांसारखे तंतू छिद्राच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीपर्यंत पसरलेले दिसतात. जागा ते फारशी खात नाहीत, सच्छिद्रता जवळपास तेवढीच मोजली जाते, पण पार्यता दहापट, कधी शंभरपट खाली येते. दक्षिण उत्तर-समुद्रातल्या रोटलीगेंड वालुकाश्मांत वायूच्या कंपन्यांनी याचा पुरेपूर अनुभव घेतलाय. यात प्रयोगशाळेचाही एक सापळा आहे. प्लग ओव्हनमध्ये वाळवला की हे तंतू भिंतीला चिकटून जातात आणि पार्यता खोटी वाढलेली दिसते. उत्तर समुद्रातल्याच मॅग्नस क्षेत्राच्या कोअरवर 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला हे नीट दाखवलं गेलं, आणि तेव्हापासून तंतूमय इलाइटच्या खडकासाठी क्रिटिकल पॉइंट पद्धतीने (सुकताना द्रव तंतूंना ओढणार नाही अशा रीतीने) वाळवण्याचा आग्रह धरतात. म्हणून तक्ता हातात आला की आधी विचारा, प्लग कसा वाळवला होता?

क्लोराइटची गोष्ट याच्या उलटी जाते. तिचे बारीक पत्रे कणांच्या भोवती अस्तरासारखे उभे राहतात. अस्तर सलग असेल तर क्वार्ट्झच्या सिमेंटला उगवायला उघडा पृष्ठभागच मिळत नाही, आणि खोल जाऊनही मूळची छिद्रं टिकतात. अमेरिकेत लुइझियानातल्या टस्कलूसा वालुकाश्मात सहा किलोमीटरच्या आसपासही 20 टक्क्यांहून जास्त सच्छिद्रता मिळते ती या अस्तराच्या जिवावर. इथे क्ले चांगली. पण त्या विहिरीत हायड्रोक्लोरिक आम्ल सोडाल तर क्लोराइटमधलं लोह सुटतं आणि पुढे जेलसारखं साचून वाटा बंद करतं. अस्तर सलग आहे की तुटक हे मात्र बघावंच लागतं. तुटलेल्या ठिकाणी क्वार्ट्झ डोकं वर काढतोच.

स्मेक्टाइट गोड्या पाण्यात फुगते. असा खडक असला तर ड्रिलिंगच्या चिखलापासून पुढे भरायच्या पाण्यापर्यंत सगळ्यांची खारटपणाची पातळी आधी तपासून ठेवायची. एवढं सांगून पुढे जातो.

पायरी 6 : प्रयोगशाळेच्या आकड्यांची उलटतपासणी

हिलियम वायूने मोजलेली सच्छिद्रता आणि स्लाइडवर मोजलेली सच्छिद्रता शेजारीशेजारी लिहा. आपल्या उदाहरणात स्लाइडवर 14 टक्के आले. हिलियमने 18 आले तर मधले 4 टक्के म्हणजे डोळ्याला न दिसणारी सूक्ष्म छिद्रं : केओलिनाइटच्या पानांमधली, अर्धवट कुजलेल्या फेल्डस्पारमधली. त्यांत बहुधा पाणीच धरलेलं असतं. फरक चार असेल तर चालतं. हिलियमने 19 आणि स्लाइडवर 8 असा अकराचा फरक दिसला की त्या खडकातल्या ‘जागे’तली निम्म्याहून जास्त जागा तेलाच्या उपयोगाची नाही असं धरून चाला. पूर्ण तक्त्यातला माझा सर्वांत आवडता रकाना हाच, आणि छापील अहवालात तो कधीच नसतो. स्वतः काढावा लागतो.

पार्यतेचं एकक ज्यांच्या नावाने आहे ते आँरी डार्सी फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे अभियंते. त्यांनी 1856 साली वाळूच्या गाळण्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आज मोजणी पाण्याने नव्हे तर वायूने होते, आणि घट्ट खडकात वायूने मोजलेला आकडा खऱ्याहून जास्त येतो. त्यासाठी क्लिंकनबर्गची दुरुस्ती केली आहे का पाहा. मोजणी प्लग मोकळा ठेवून झाली की जमिनीखाली खोलवर असतो तेवढ्या दाबाखाली, हेही पाहा. एक डार्सीच्या खडकात हे दोन्ही मुद्दे किरकोळ, एक मिलिडार्सीच्या खडकात निर्णय फिरवणारे.

पायरी 7 : लॉगवर खनिजं तुम्हाला कशी फसवतात

कोअर काही मीटरचाच असतो. बाकी सगळी विहीर लॉगवरून, म्हणजे विहिरीत उपकरणं सोडून घेतलेल्या सलग नोंदींवरून, वाचायची. घनतेच्या लॉगवरून सच्छिद्रता काढताना खडकाच्या कणांची घनता आपण गृहीत धरतो, क्वार्ट्झसाठी 2.65 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. समजा लॉगवर 2.24 वाचलं आणि छिद्रातल्या द्रवाची घनता 1.0 धरली, तर (2.65 − 2.24) ÷ (2.65 − 1.0), म्हणजे 24.8 टक्के. पण त्या वाळूत अभ्रक आणि सिडेराइट अशी जड खनिजं असून कणांची खरी सरासरी 2.70 असेल तर उत्तर 27.1 येतं. दोन-सव्वादोन टक्क्यांचा फरक. एक चौरस किलोमीटर, दहा मीटर जाडी, 80 टक्के तेल आणि वर येताना होणाऱ्या आकुंचनाचा गुणक 1.2 धरला तर हा फरक सुमारे सव्वानऊ लाख बॅरलचा होतो. कणांची घनता प्लगवर मोजून मिळते, स्वस्तात मिळते. ती मागवा.

गॅमा लॉगचा फसवेपणा याहून वाईट. हा लॉग खडकाचा नैसर्गिक किरणोत्सार मोजतो. जास्त गॅमा म्हणजे शेल, असं सगळे शिकतात. पण पोटॅशियमचा फेल्डस्पार आणि अभ्रकही किरणोत्सारी असतात, त्यामुळे आर्कोज किंवा अभ्रकी वाळू शेलसारखी दिसते. ब्रेंट गटातला रॅनक थर याचं नेहमीचं उदाहरण. नुसत्या गॅमावर रेघ मारून ‘खडक’ आणि ‘बिनकामाचं’ अशी वाटणी केली तर चांगली वाळू कचऱ्यात जाते. स्पेक्ट्रल गॅमा (प्रत्येक मूलद्रव्याचा किरणोत्सार वेगळा मोजणारा लॉग) असेल तर पोटॅशियम आणि थोरियम वेगळे करून पाहा.

सूक्ष्म छिद्रांत धरलेलं खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे विद्युत रोधही कमी दिसतो आणि तेल असलेला थर पाण्याचा वाटतो. क्लोराइटच्या अस्तराच्या खडकात हे हमखास घडतं. पायरी 5 चे फोटो पाहिलेला माणूस इथे थांबून विचार करतो, न पाहिलेला ‘पाणी’ लिहून पुढे जातो.

पायरी 8 : आलेख काढा, आणि खडकांचे गट पाडा

आडव्या अक्षावर सच्छिद्रता, उभ्या अक्षावर पार्यता (लॉगरिदमच्या मापात). सगळे बिंदू एकाच रेषेत येतील अशी अपेक्षा धरू नका. पॅरिसजवळचा फोंतेनब्लो वालुकाश्म जवळपास निव्वळ क्वार्ट्झचा, एकसारख्या कणांचा. त्याचे बिंदू खरंच एका वळणावर बसतात : सच्छिद्रता नऊ-दहा टक्क्यांच्या वर असेपर्यंत पार्यता तिच्या घनाच्या प्रमाणात उतरते, त्याखाली छिद्रांना जोडणाऱ्या वाटाच मिटू लागल्याने धाडकन कोसळते. म्हणून प्रयोगशाळांचा तो लाडका खडक. तुमच्या विहिरीतला खडक इतका सरळ नसणार. तिथे ढग दिसेल. त्या ढगातून एक सरासरी रेषा ओढली की पायरी 2 ते 5 मधली सगळी मेहनत फुकट गेली.

त्याऐवजी प्रत्येक प्लगसाठी पार्यता भागिले सच्छिद्रता (दशांशात) याचं वर्गमूळ काढून 0.0314 ने गुणा. उत्तर मायक्रोमीटरमध्ये येतं आणि छिद्रातल्या वाटेच्या सरासरी रुंदीचा अंदाज देतं. आपला पहिला प्लग : 1,200 ÷ 0.22, वर्गमूळ 73.9, गुणाकार 2.3. दुसरा : 3 ÷ 0.22, वर्गमूळ 3.7, गुणाकार 0.12. वीसपट फरक. आता बिंदूंना कणांच्या आकाराप्रमाणे, क्लेप्रमाणे, सिमेंटप्रमाणे रंग द्या. कोणत्या रंगाने ढग सुटा होतो ते पाहा. ज्या रंगाने सुटा होतो तेच त्या क्षेत्रातलं नियंत्रक कारण. कधी ते नदीच्या पात्राचा जाडा तळ असतं, कधी इलाइट.

बाडमेरचा धडा

बाडमेरचं मंगला तेलक्षेत्र जानेवारी 2004 मध्ये सापडलं, 29 ऑगस्ट 2009 ला उत्पादन सुरू झालं. तेल फतेहगढ गटाच्या वालुकाश्मात आहे. ही नद्यांनी आणलेली, क्वार्ट्झचं प्रमाण चांगलं असलेली वाळू. साठ्याचा माथा जमिनीखाली किलोमीटरभरही नाही आणि तापमान 65 अंशांच्या आसपास, म्हणजे पायरी 1 मधल्या धोक्याच्या रेषेच्या अलीकडे. सच्छिद्रता सरासरी पंचवीस टक्क्यांच्या आसपास, पार्यता काहीशे मिलिडार्सीपासून कित्येक डार्सीपर्यंत, सरासरी सुमारे 5 डार्सी. आपल्या पहिल्या प्लगच्या चौपट.

त्याच खोऱ्यात फतेहगढच्या वर बाडमेर हिलचा थर आहे. त्यातला पोर्सेलनाइट हा सूक्ष्म जीवांच्या सिलिकापासून बनलेला खडक. सच्छिद्रता त्याचीही भरपूर. पण कण इतके सूक्ष्म की वाटा मायक्रोमीटरच्या अंशात, पार्यता एखाद्या मिलिडार्सीच्या घरात किंवा त्याहूनही कमी. रसायनाने पाहिलं तर दोन्हीकडे मुख्य घटक सिलिकाच, सच्छिद्रतेची टक्केवारीही एकाच पट्ट्यातली. एकातून तेल साध्या विहिरीने निघतं, दुसऱ्याला खडक फोडून कृत्रिम भेगा पाडाव्या लागतात.

आणि उत्तम खडक मिळूनही मंगलाचं सगळं सोपं झालं नाही. तिथलं तेल मेणचट. साधारण 40 अंशांच्या खाली ते गोठायला लागतं, म्हणून गुजरातच्या किनाऱ्याकडे जाणारी सुमारे 670 किलोमीटरची पाइपलाइन सतत तापवत ठेवावी लागते. साठ्यातही ते पाण्याहून कितीतरी पट घट्ट, त्यामुळे भरलेलं पाणी तेलाला मागे टाकून पुढे पळतं. ते रोखायला पाण्यात पॉलिमर मिसळून भरावं लागलं. पार्यतेला द्रवाच्या चिकटपणाने भागायचं असतं हे विसरून निव्वळ डार्सी मोजत बसलो तर अंदाज फसतो.

अहवालात काय लिहायचं

‘सच्छिद्रता 22 टक्के, खडक चांगला’ असं लिहू नका. पायरी 3 मधल्या स्लाइडचा खडक असेल तर असं लिहा : ‘मध्यम कणांचा, एकसारखा सबआर्कोज, हिलियमने 18, स्लाइडवर 14 टक्के, जागा मुख्यतः दाबाने गेलेली, क्वार्ट्झ सिमेंट 7 टक्के, केओलिनाइट 4 टक्के, छिद्रात भरलेलं, प्रवाहाचा वेग जपून वाढवावा, कणांची घनता 2.65, प्लगवर मोजलेली.’ सोबत स्लाइडचा एक फोटो, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा एक, दोन्हींवर मापाची पट्टी आणि विहिरीतली खोली. पट्टी नसलेला फोटो जोडू नका. त्यावरून कण एक मिलिमीटरचा की दहा मायक्रॉनचा हे पुढच्या माणसाला कळणार नाही, आणि तो तुम्हालाच फोन करेल.